चढावरची वाट आणि निळ्या हिमपादुका

१४ जानेवारी, बुधवार

अमिताभ बुद्धाला शरण. त्याची करुणा पात्र-अपात्र पाहत नाही. मी पाहतो, म्हणून मला रोजनिशी लागते.

आजचा विषय हिमपादुका, बर्फात रुतू नये म्हणून पायांना बांधायच्या रुंद चौकटी. चढाच्या पायथ्याचे रिकामे घर गेल्या उन्हाळ्यात विकत घेणाऱ्या हायासाकाने तोक्योहून ॲल्युमिनियमची जोडी आणली आहे. रंग निळा, तळाला लोखंडी दात. अस्वलाने पाहिली तर आपली नखे लपवील. दुकानदार म्हणाला म्हणे, नवशिक्यांसाठी हीच सर्वोत्तम. कोणत्या बर्फासाठी, हे त्याने सांगितले नाही आणि याने विचारले नाही. देवळाच्या अंगणात चार पावले टाकली आणि गृहस्थ कमरेपर्यंत रुतला. मी ओसरीवर सूत्रपाठ करीत होतो. पाठ थांबवला नाही. स्वर मात्र थोडा हलला.

१५ जानेवारी

त्याला बोलावून उपदेश केला. रोग पाहून औषध, तसा बर्फ पाहून पादुका. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर वाकवलेल्या लाकडाची थोरली जोडी. तिच्या टोकाला दोरी असते, पाऊल उचलताना ती हाताने ओढायची. झाडीत आणि बांबूच्या जाळीत लहान, गोल जोडी, नाहीतर अडकून पडाल. दात केवळ गोठलेल्या उतारावर. ओल्या बर्फात दातांखाली गोळे धरतात. मग मनुष्य उंच होतो, शहाणा होत नाही.

सगळे वहीत उतरवून झाल्यावर विचारतो, एकच जोडी घ्यायची झाली तर कोणती?

या संसारात प्रत्येकाला एकच जोडी हवी असते!

१८ जानेवारी, रविवार

वाडीचा मुखिया जिम्बेई येऊन गेला. चिंता पाटीची. ज्याच्या दारी लाकडी पाटी, त्याने सकाळी सातच्या आत देवळापासून वर तोसेआजीच्या घरापर्यंतची वाट पादुकांनी तुडवायची आणि पाटी पुढच्या दारी टांगायची. तोसेआजी शहाऐंशी वर्षांची, एकटी. दर गुरुवारी परिचारिका इंजेक्शन घेऊन त्याच वाटेने चढते. वाट नसेल तर मागे फिरते.

पुढच्या महिन्यात हायासाकाचे दारही फेरीत यायचे आहे. 'गुरुजी, त्या निळ्या पायांच्या भरवशावर म्हातारीला सोडायचं का?' जिम्बेई म्हणाला. वगळावे, असे माझेही मत पडले. ज्याच्या दारी पाटी नाही तो वाडीत राहतो, पण वाडीचा नसतो. हे मला ठाऊक आहे. तरीही. आठ तारखेच्या सभेत ठरेल.

२२ जानेवारी, गुरुवार

माझी पाळी. गुडघाभर नवा बर्फ. थोरली जोडी चढवून देवळापासून चढाच्या पायथ्यापर्यंत तुडवत गेलो. गुडघे माझ्याआधी नामस्मरण करू लागले. पुढे पाहतो तर चढ आधीच तुडवलेला! वर जेमतेम बोटभर ताजा थर.

जिम्बेईने माझ्या सत्त्याहत्तर वर्षांची दया केली असणार. दया स्वीकारावी, तिची वाच्यता करू नये. परतलो तेव्हा चहाचे पाणीही उकळले नव्हते.

२९ जानेवारी

हायासाका आज कुठेच रुतलेला दिसला नाही. घराबाहेर पडला नसावा.

८ फेब्रुवारी, रविवार

सभा देवळात भरली. मी उभा राहून मांडले की, अधिकार नसता कर्म अंगावर घेणे हे इतरांवर संकट आणणे होय. सबब योग्य पादुका निवडण्याचे ज्ञान येईपर्यंत हायासाका यांना वगळावे. दोन सूत्रांचे आधार दिले. एक पुरले असते. हायासाका दाराशी मान खाली घालून बसला होता.

तोसेआजी एवढा वेळ मुळ्याचे लोणचे चावत होती. चावून झाल्यावर म्हणाली, 'अरे एन्शू, चढ कोण तुडवतं, ठाऊक आहे का तुला?'

माझे बाळपण पाहिलेली ती एकटीच उरली आहे, म्हणून अरेतुरे. मी जिम्बेईकडे पाहिले. जिम्बेई माझ्याकडे पाहत होता. मग सगळेच एकमेकांकडे पाहू लागले.

'तीन आठवडे झाले, रोज पाचला हा बाबा आपल्या घरापासून वर येतो. आमच्या ह्यांची थोरली जोडी मीच काढून दिली. त्या निळ्या राहिल्यात खुंटीला. तुमच्यातला एक तरी पायथ्याच्या वर आला का?'

पाळीची सहा घरे. सहाही जणांना चढ तुडवलेला मिळाला, सहाही जणांनी ती दुसऱ्या कोणाची दया मानली, आणि उपकार फेडावा लागेल या भयाने सहाही जण गप्प राहिले. हायासाका पुटपुटला की तो फक्त सराव करीत होता. पाळी आल्यावर वाडीची फजिती नको.

'वगळायचंच असेल,' म्हातारी म्हणाली, 'तर अर्ध्यातून परतणाऱ्याला वगळा.'

यावर कोणत्या सूत्रात उत्तर आहे ते शोधतो आहे. बारा ग्रंथ खाली काढले.

९ फेब्रुवारी

पाटी हायासाकाच्या दारी लागली. पंच्याहत्तरीपुढच्यांना यापुढे मानाने सूट, असे सभेने एकमताने ठरवले आहे. त्या वयाचे पाळीदार वाडीत एकच आहेत.

हे पान ज्याच्या हाती पडेल, त्याच्या पायाखाली नेहमी तुडवलेली वाट असो. आणि ती कोणी तुडवली हे विचारण्याची बुद्धी त्याला माझ्याआधी होवो.