डावीकडे पाच

प्रिय पहिला बाक,

माझं सगळं बदललं ते गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, मी दोनशे मीटर लांबीचं जहाज धक्क्यावर आदळलं तेव्हा. घाबरू नकोस. जहाज पडद्यावरचं होतं, धक्काही पडद्यावरचा. खरं होतं ते माझ्या हातातलं सुकाणूचं चाक आणि मागे उभे असलेले आमचे कॅप्टन सर, ज्यांना आम्ही भोंगा म्हणतो. ते म्हणाले, डावीकडे पाच. मी ‘डावीकडे’ एवढंच ऐकलं आणि चाक गरागरा फिरवून मोकळा झालो. भोंगा वाजलाच: राजे, पाच अंश म्हणत होतो, आकडा येईपर्यंत तरी दम धरायचा! घरीपण अर्ध्या वाक्यावरच उठता का?

वर्ग खो खो हसला. मला मात्र आपल्या कॉलेजच्या लॅबचं दार आठवलं.

पण आधी बातम्या. कॉलेज सोडलं तेव्हा बाबा दोन महिने माझ्याशी आईमार्फत बोलत होते. मी समोर बसलेलो असलो तरी. शेवटी ताईने फॉर्म आणून पुढ्यात टाकला. खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स, मग जहाजावर शिकाऊ, समुद्रावरचे महिने भरले की पुढची परीक्षा, जमलं तर एक दिवस अधिकारी. म्हणाली, जिना इथेही आहे, फक्त हलतो, तुझ्यासारख्याला बरा. आता मी दोर विणतो, गंज खरवडतो, नाक धरून उंचावरून तलावात उडी मारतो आणि, हसू नकोस, गजराच्या आधी उठतो!

सगळ्यात जड गेला तो चाकाचा नियम. हुकूम पूर्ण ऐकायचा, मोठ्याने परत म्हणायचा, मगच हात हलवायचा. इतका घोकला की मेसमधले वाढपी काका ‘ताट पुढे कर’ म्हणाले तरी मी ‘ताट पुढे करतो’ म्हणतो. त्यांना वाटतं, पोरगं टिंगल करतंय. काल परीक्षा झाली. तेच चाक, तोच धक्का, आणि जहाज असं टेकलं की धक्क्याला पत्ताच नाही. भोंगा चक्क हळू आवाजात म्हणाला, शाबास.

म्हणूनच हे पत्र. त्या दिवशी लॅबमध्ये मी लग्नाचं विचारलं, तू म्हणालीस, तुझ्याशी लग्न नाही करणार मी, आणि मी दार असं आपटलं की लॅबची पाटी खाली आली. पण दारापलीकडे तुझं वाक्य चालूच होतं. ते कानात तेव्हाच पडलं, डोक्यात शिरायला वर्ष लागलं. परत म्हणतो, ऐक: तुझ्याशी लग्न नाही करणार मी, माझं एक तरी वाक्य तू शेवटपर्यंत ऐकून घेईपर्यंत. बरोबर? चुकलं असेल तर दुरुस्त कर. पंधरा दिवसांनी मी जहाजावर चढतो. त्याआधी, येत्या शनिवारी दहाला, लॅबच्या दाराशी उभा असेन. विचारणार काही नाही. तू बोल, मी ऐकतो.

पेटीत टाकायला निघतोय. खोलीतला जोडीदार दुपारचा घोरतोय. हा बघ, उठलो, बाहेर पडलो, दार लावतोय. आवाज आला का?

तुझाच,
शेवटचा बाक