शिब्लीची कॉफी

३ ऑक्टोबर १९९३
पोचलो एकदाचा हर्मेलच्या डोंगरात! अंगणात सफरचंदांच्या पेट्या, हवा गार. काम सोपं: लेबनॉनच्या यादवी युद्धात नाव कमावलेल्या कमांडर अबू दाहेरच्या आठवणी लिहून काढायच्या. म्हातारा तोंडाळ आहे. तुम्ही बैरूतची माणसं चिमणीएवढं जेवता मास्तर, म्हणून तर लढाया हरता, असं पहिल्याच घासाला ऐकवलं.

५ ऑक्टोबर
गिरणीची लढाई झाली, खिंडीची झाली. सगळीकडे हा शूर, बाकीचे गाढव. मग पुलाची लढाई. शत्रूचा कमांडर शिब्ली आपल्या पकडलेल्या पोरांचे जीव मागायला याच दिवाणखान्यात आला होता, कॉफी पुढ्यात तशीच ठेवून बसला. इकडची रीतच आहे, मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कपाला शिवत नाही. यजमान ‘पी’ म्हणाला, की शब्द दिला. अबू दाहेर हसून म्हणाला, पी, दिलं. शिब्ली प्यायला. मग त्याला आणि पोरांना पुलावर नेऊन गोळ्या घातल्या.
सांगताना म्हातारा खो-खो हसत होता. मला शिसारी आली. वर म्हणतो, लढाई जिंकली एवढंच लिही.

८ ऑक्टोबर
दुपारी म्हातारा घोरत होता. दिवाणखान्यात मफलर गुंडाळलेला एक पाहुणा, पुढ्यात गार झालेली कॉफी. म्हाताऱ्याची बहीण नजलाबाई माझ्यावरच खेकसली, तो रोज येतो, तिकडे बघू नका. दारी आलेल्याला असं वागवतात? संतापलो, आणि यजमानासारखा बोलून गेलो: प्या काका, मागाल ते दिलं.
तो प्यायला. कॉफी गळ्यातल्या भोकातून मफलरवर झिरपली.
या घरातला एक माणूस दे, म्हणाला.

९ ऑक्टोबर
अबू दाहेरला सांगितलं. पांढराफटक पडला. मग शिव्या— इतकी वर्षं त्याच्यापुढे मी तोंड शिवून बसलो, आणि तू कोण रे शहाणा? ज्याचा शब्द त्याची मान!
बहिणीला घेऊन गाडीतून निघून गेला. बाहेरून कडी घालून.

१० ऑक्टोबर
दार हलत नाही. भर दुपार आहे, तरी—
सगळी आलीत. शिब्ली. पुलावरची पोरं. मिसरूडही न फुटलेली. कप भरलेत. माझ्याही पुढे एक.
मी शिवलो नाही. मीच माझा जीव मागतोय त्यांच्याकडे. फार भीती वाटतेय. मी कुणाला मारलं नाही, सांगितलं त्यांना—
शिब्ली हसला. अबू दाहेर हसला असेल तसाच.
पी, म्हणाला. दिलं.
सगळे वाट बघतायत. कप हात—