आरशातली कात्री

दि. ३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर थापा मारता येतात, म्हणून पत्रच लिहिते आहे. चष्म्याचं दुकान बंद झालं. अकरा वर्षं मी त्या काउंटरमागे उभी राहून लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, आणि मालकांनी एके दिवशी चहा पाजून सांगितलं की आता ते लेकाकडे राहायला जाणार. मी रडले नाही. तुझ्या जावयाचा चेहरा मात्र तो दुरुस्त करतो त्यातल्याच एखाद्या लिफ्टसारखा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला होता.

दुसरी बातमी म्हणजे मी कार्डं विकायला लागले आहे. हसू नकोस. लहानपणापासून तुम्हा सगळ्यांना वाढदिवसाला पाठवते तीच कार्डं. पांढरा जाड कागद, त्यावर नुसती उठवलेली टिंबं, रंग नाही, शाई नाही. पातळ कागदावर चित्र काढते, ते कार्डाच्या पाठीवर ठेवते, खाली जाडसर लोकरीचं कापड घालते आणि तू दिलेलं शिवणकामाचं दातेरी चाक रेघेवरून फिरवते. कार्ड उलटलं की पुढच्या बाजूला चित्र उठलेलं असतं. हजारदा केलंय, तरी उलटताना दर वेळी माझा श्वास अडकतो.

कोपऱ्यावरच्या फुलवालीनं बारा कार्डं दुकानात ठेवली. ती आठवड्यात संपली. एक बाई तिला सांगून गेल्या की त्यांच्या आजारी सासऱ्यांना दिसत नाही, पण त्यांनी कार्डावरच्या चिमणीवरून अर्धा तास बोटं फिरवली आणि शेवटी तिची चोच सापडल्यावर हसले. मावशी, मी हे ऐकून फुलांच्या बादल्यांमध्ये नुसती उभी राहिले.

पण एवढ्यानं घर चालत नाही. एका मोठ्या दवाखान्यात नंबर देण्याच्या खिडकीवर मला जागा मिळते आहे. मार्चअखेर हो की नाही ते कळवायचं. तोवर कार्डांनी पाय रोवले तर बरं, नाहीतर खिडकी. मला खिडकी नको आहे, हे फक्त तुला सांगते.

एक मागणं आहे. तुझी ती काळ्या मुठीची मोठी कात्री मला दे ना. तू आता शिवत नाहीस आणि माझ्या कात्रीनं जाड कागदाची कड दबते. लोभ असावा, कात्रीसकट असावा.

तुझी,
बटण

दि. १० फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

पत्र आणि सोबतचं कार्ड पोचलं. दुकान बंद झाल्याचं वाचून जीव थोडा थोडा झाला. मालकांनी निदान चहा तरी पाजला. माझ्या वेळी एका बाईंनी चौदा ब्लाउज शिवून घेतले आणि साधं पाणी विचारलं नव्हतं.

स्पष्ट बोलते, रागावू नकोस. कार्ड म्हणजे काय, लोक उघडतात, वा म्हणतात आणि कपाटात टाकतात. कपडा निदान अंगावर राहतो. पन्नास वर्षं हातानं काम करून मला एवढंच कळलं की हाताला गिऱ्हाईक फार दिवस टिकत नाही. खिडकीला दर महिन्याला पगार असतो. हे तुझ्या आईलाही वाटतं, पण ती तुला भिते, मी भीत नाही.

आता कार्डाबद्दल. मी ते आधी नुसतंच पाहिलं आणि म्हटलं, पोरीनं कोरा कागद पाठवला. मग खिडकीशी तिरपं धरलं तर कपबशी दिसायला लागली. कपातून वाफसुद्धा निघत होती. मी ते खाली ठेवलं, परत उचललं, परत खाली ठेवलं. शेजारच्या बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी विचारलं की हे चाक चालवायला कुणी शिकवलं, तेव्हा मी उगीचच दुसरा विषय काढला.

माझा हात हल्ली थरथरतो, म्हणून अक्षर असं आलंय. कात्री धारेला दिली आहे. आली की बघू. लोभ आहे तसा राहू दे, उपदेश मनावर घेऊ नकोस, पण विसरूही नकोस.

तुझी,
मावशी

दि. २ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उपदेश मनावर घेतला नाही आणि विसरलेही नाही. तुझा धारवाला बहुतेक कात्री हातात घेऊन पायी येतोय. असो.

चाळीस कार्डांचं काम आलंय. आमच्या मागच्या रस्त्यावर एक जुनं सलून आहे. ते चालवणारे काका या महिन्याच्या अठरा तारखेला ते कायमचं बंद करणार आहेत. त्यांची मुलगी नर्स आहे. तिला शेवटच्या दिवशी वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकांना सलूनचं चित्र असलेलं कार्ड द्यायचं आहे. काकांना यातलं काही माहीत नाही. तिची एकच अट आहे, भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ वाजलेले हवेत. चाळीस वर्षं ते बरोबर सव्वाआठला शटर वर करत आले.

काल काका जेवायला गेल्यावर ती मला आत घेऊन गेली. लांबट, अरुंद खोली. एका भिंतीला सबंध आरसा, त्यापुढे दोन खुर्च्या. एकीचं चामडं इतकं झिजलंय की बसणाऱ्याचा आकार तसाच राहिलाय. समोरच्या भिंतीवर घड्याळ, खाली वाट बघणाऱ्यांचं बाक, डाव्या अंगाला दार, उजवीकडे कोट अडकवायची खुंटी. मी आरशाकडे पाठ करून उभी राहिले आणि सगळं काढून घेतलं. तिथे उभी असताना मला तुझी शिवणाची खोली आठवली. सुट्टीत तू मला आरशासमोरच्या स्टुलावर बसवायचीस आणि चाक कसं धरायचं ते शिकवायचीस. मला वाटतं मी तिथेच कामाची झाले.

हे काम नीट पार पडलं तर नर्सच्या दवाखान्यातल्या आणखी दोघी कार्डं करून घ्यायला तयार आहेत. मग मी खिडकीला नाही म्हणून कळवणार. नाही पडलं तर गुपचूप खिडकीत जाऊन बसणार. माझं ठरलंय. लोभ असावा, आणि त्या धारवाल्याला जरा घाई करायला सांग.

तुझी,
बटण

दि. १४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

माझं डोकं ठिकाणावर नाही, चुकलंमाकलं माफ कर. चाळीसच्या चाळीस कार्डं झाली. बारा दिवस जेवणाच्या टेबलावर आम्ही जेवलो नाही, ताटं मांडीवर घेतली. आज सकाळी शेवटचं कार्ड कापून गठ्ठा बांधला आणि तुझ्या जावयानं वरचं उचलून उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. वा म्हणाला. मग सहज विचारलं की घड्याळात पावणेचार का वाजलेत.

मी पाठीवरून चाक फिरवते. पाठीवर डावीकडे असलेलं पुढे उजवीकडे जातं. कपबशीला काय फरक पडतो, चिमणी इकडे बघो नाहीतर तिकडे. पण सलूनचं दार उजवीकडे गेलंय, खुंटी डावीकडे आली आहे आणि सव्वाआठचे पावणेचार झालेत. चित्र आधी उलटून घ्यायला हवं होतं. इतकी साधी गोष्ट. चाळीस वेळा कार्ड उलटून पाहिलं, चाळीस वेळा खूश झाले आणि एकदाही दिसलं नाही.

एका कार्डाला जवळजवळ दोन तास लागतात. हातात चार दिवस आहेत आणि तेवढा कागदही उरलेला नाही. त्या माणसानं चाळीस वर्षं ज्या खोलीत घालवली ती मी त्याला उलट करून देणार. नर्सला अजून सांगितलेलं नाही. दवाखान्याच्या खिडकीचा अर्ज भरून पाकिटात घातला आहे. तू म्हणाली होतीस तेच खरं झालं.

बटण

दि. १७ मार्च

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहायला बसले आहे, तरी हे तुला वेळेवर पोचणार नाही हे कळतंय. पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहिते, नाहीतर मला जेवण जाणार नाही.

चूक तुझी कमी, आपल्या शिवणकामाची जास्त. आपण कापड दुहेरी अंथरतो, उलट बाजू वर ठेवतो आणि कापतो. डावी बाही, उजवी बाही एकदम निघते. डावं-उजवं आपोआप जुळतं, म्हणून त्याचा विचार करायची सवयच आपल्याला लागत नाही. कागद एकेरी असतो हे मी तुला सांगायला हवं होतं. चाक हातात देताना मी पुष्कळ गोष्टी सांगायला हव्या होत्या.

कार्डं फाडू नकोस. नर्सला खरं काय ते सांग आणि कार्डं तिच्या हातात दे. मी एकदा एका नवरीचा झगा पाठपोट करून शिवला होता, तरी तिचं लग्न झालं. अर्ज टपालात टाकू नकोस. हे मीच सांगते आहे, तेव्हा नीट वाच.

तुझी काळजीत पडलेली,
मावशी

दि. १९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण तू काय लिहिलं असशील ते मला माहीत आहे. तसंच केलं.

काल सकाळी नऊला सलूनच्या दारात नर्सला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ती पांढरी पडली. मग म्हणाली की आता वेळ नाही, असू दे, वडिलांची नजर अधू झाली आहे, कदाचित त्यांच्या लक्षात येणार नाही. मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत गिऱ्हाइकं दाटीवाटीनं उभी होती. कुणी निवृत्त मास्तर, कुणी क्रेन चालवणारे, एक जण तर काठी टेकत मुलाला धरून आलेले. नर्सनं कार्डं वाटली. मी दाराशी चपला घालूनच उभी होते, पळायच्या तयारीत. हळूहळू बोलणं थांबलं. सगळेजण कार्ड तिरपं करून बघत होते आणि बोटं फिरवत होते.

मग मास्तर म्हणाले की बाईंना हे कसं कळलं. ते तीस वर्षं इथे येतात, पण आल्याबरोबर खुर्चीत बसतात आणि समोर आरशात बघतात. त्यांनी हे दुकान कायम असंच पाहिलंय, दार उजव्या हाताला आणि घड्याळ उलट चालणारं. काठीवाले म्हणाले की शटर वर होताच ते खुर्चीत बसायचे, आरशात पावणेचार दिसायचे आणि ते त्याचे मनातल्या मनात सव्वाआठ करायचे. क्रेनवाल्यांनी खुंटीवर बोट ठेवलं आणि त्यांचा कोट तिथेच असायचा एवढंच सांगितलं.

काका स्वतः झिजलेल्या खुर्चीत बसले. मुलगी म्हणते, त्यांना त्या खुर्चीत बसलेलं तिनं जन्मात पाहिलं नाही. त्यांनी कार्ड आरशाच्या शेजारी धरलं आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मग सावकाश सांगितलं की त्यांनीही सगळ्यांचे चेहरे आरशातच पाहिलेत. रस्त्यात कुणी गिऱ्हाईक भेटलं की त्याचा भांग चुकीच्या बाजूला वाटतो आणि माणूस किंचित परका दिसतो. दुकान बंद झाल्यावर हे चेहरे पुन्हा दिसणार नाहीत, याचं त्यांना दुःख होतं, पण ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मावशी, माझ्या अंगावर काटा आला. चूक झाली हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या हातून हे झालं, पण मी केलं असं मला म्हणवत नाही.

अर्ज फाडला. नाही म्हणून कळवलं. सोबत तुझ्यासाठी एक कार्ड आहे, तुझी शिवणाची खोली. मला आठवते तशी, म्हणजे स्टुलावर बसून आरशात दिसायची तशी. टवका उडालेला आरशाचा कोपरा आहे, मापाची फीत गळ्यात घातलेली तू आहेस आणि तुझ्या उजव्या हातात ती कात्री. या वेळी चित्र आधी उलटून घेतलं आणि तीनदा तपासलं, तेव्हा चूक सापडणार नाही. सापडली तर कळव. लोभ असावा, आता धंदेवाईक बाईवर असतो तसा असावा.

तुझी,
बटण

दि. २ एप्रिल

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

कार्ड आठ दिवसांपूर्वी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मी रोज दुपारी ते खिडकीशी धरून बसते आणि मग लिहायचं राहून जातं. आरशाचा टवका अगदी तसाच आहे. मला वाटत होतं त्या खोलीची आठवण माझ्याशिवाय कुणाला राहिली नाही. सात वर्षांच्या पोरीनं ती सगळी डोळ्यांत भरून नेली आणि इतक्या वर्षांनी कागदावर उठवून परत केली. सलूनवाल्या काकांना काय झालं असेल ते मला आता कळलं. कार्ड कपाटात टाकतात असं मी म्हटलं होतं, ते परत घेते.

तू चूक सापडली तर कळव म्हणालीस. चित्रात चूक नाही. पण मी डावखुरी आहे.

शाळेत बाईंनी माझा डावा हात वर्षभर पाठीशी बांधून ठेवला होता. लिहायला आणि जेवायला उजवा शिकले. कात्री आणि चाक मात्र उजव्या हाताला कधी जमलं नाही. डावी शिंपीण म्हणून लोक नाकं मुरडायचे. तू पहिल्यांदा सुट्टीला आलीस आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे बघून चाक डाव्या हातात घेतलंस. मी घाबरले. मला वाटलं, हिचाही हात कुणी बांधेल. तेव्हा मी स्टूल उचलून आरशासमोर ठेवलं आणि तुला सांगितलं की माझ्याकडे बघायचं नाही, आरशातल्या बाईकडे बघायचं आणि ती ज्या हातानं धरते त्या हातानं धरायचं. आरशातली बाई उजवी होती. तुझ्या आईला माहीत होतं. तिला मी बोलू दिलं नाही, आणि पुढे तुझ्यासमोर आरशाबाहेर कात्री कधी धरली नाही.

कात्री धारेला कधी गेलीच नव्हती. ती डाव्या हाताची आहे, खास करून घेतलेली. तुझ्या हातात दिली असती तर पहिल्याच कापात तुला कळलं असतं, म्हणून मी धारवाल्याला आडोशाला उभा केला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एवढं लपवायचं काय होतं, ते तुझं कार्ड बघेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नाही. त्या चाळीस माणसांना आरशातलं दुकान खरं वाटलं. मला मात्र एकदा आरशाबाहेरची मी तुला दाखवायची आहे.

कात्री पार्सलनं पाठवली आहे. उजव्या हातात धरलीस तर ती कागद चावेल, कापणार नाही. एकदा डाव्या हातात घेऊन बघ. मला राहून राहून वाटतं की तुला जमेल, आणि तुझा तो पहिल्या दिवशीचा हात मी तुझ्यापासून काढून घेतला.

हे कार्ड बदलू नकोस. त्या उजव्या बाईनं तुला चांगलं शिकवलं. पण सवड झाली की दुसरं एक कर, स्टूल माझ्या शेजारी ठेवून पाहिल्यासारखं. आणि पुढे कुणी तुझ्याकडे शिकायला आलं, तर त्यालाही शेजारीच बसव.

लोभ आहेच, तो आता दोन्ही हातांनी असू दे.

तुझी,
डावखुरी मावशी