गुंडीसाठी निर्धोक घर

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

काल मुलीचा फोन. तिची रजा २४ तारखेला संपते. पाळणाघरात जागा मिळणार मे महिन्यात. मधले सहा आठवडे गुंडीला कुणाकडे ठेवायचं, माझ्याकडे की तिच्या सासूबाईंकडे, हे ती २३ तारखेला आमचं घर बघून ठरवणार.

माझं घर बघून! एकतीस वर्षं कॉलेजची केमिस्ट्री लॅब सांभाळली, एक अपघात नाही. (बर्नर मी कुणाला पेटवूच देत नसे. पण शून्य म्हणजे शून्य.)

गुंडी म्हणजे नात. नऊ महिन्यांची. नाकाच्या शेंड्यावरून जावयाने ठेवलेलं नाव. मला पसंत नाही. मी वापरणार नाही.

विहीणबाईंचं घर मी पाहिलं आहे. टीव्हीमागे वायरींचा गुंता, फिनेलची बाटली जमिनीवर, दारात चपलांचा ढीग. त्या त्यातून हसत हसत फिरतात. स्पर्धाच नाही.

संकल्प: तीन आठवड्यांत घर शंभर टक्के निर्धोक. मदतनीस: हे.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं, आपली मुलगी याच घरात रांगली, तिला काय झालं? मी म्हटलं, नशीब. हे पेपर उघडून बसले. पटलं असावं.

५ मार्च, बुधवार

सर्वेक्षण पूर्ण. खोल्या चार, धोके १४७. त्यातले नऊ एकट्या ह्यांच्या आरामखुर्चीत.

सुरुवात हॉलपासून. गालिच्यात पाय अडकतो. गालिचा काढला. खालची फरशी घासून आरशासारखी केली.

दुपारी ४. हे मोजे घालून आरशावरून गेले. थेट शोकेसपर्यंत. डावा घोटा मुरगळला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधलं, आठवडाभर जपून चाला म्हणाले.

मोजे हा १४८ वा धोका. यादीत नव्हता, पण त्यात माझी चूक नाही. मोजे ह्यांचे.

७ मार्च, शुक्रवार

साफसफाईची रसायनं. प्रत्येक बाटलीवर लिंबं नाहीतर फुलं. लहान मुलाला सरबतच वाटणार. सगळी एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत ओतली. झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. हातासरशी शांपू, हँडवॉशही. लेबलवर नाव नाही, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कशाचा, ते वहीत. वही कुलपात. किल्ली माझ्याकडे. लॅबमध्ये परीक्षेच्या वेळी हीच पद्धत होती.

फार समाधान वाटलं. दोनदा उठून बाटल्या बघून आले.

१० मार्च, सोमवार

ह्यांनी क्रमांक ६ ने डोकं धुतलं. शांपू ४. सहा म्हणजे फरशीचं.

वही बघायला काय झालं होतं, विचारलं. हे म्हणाले, वही कुलपात, किल्ली तुझ्या पर्समध्ये, पर्स तुझ्याबरोबर बाजारात, आणि मी साबण डोळ्यांत घेऊन बाथरूममध्ये. माणसाला सबबी सांगायच्या असल्या की किती सुचतात.

टाळूवर लाल पुरळ. डॉक्टरांनी मलम दिलं. वर मला विचारलं, मॅडम, असल्या वस्तू मूळ बाटलीतच, नाव दिसेल अशा ठेवायच्या, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं ना? डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. बर्नर पेटवू दिला नाही, तो राग अजून आहे.

१२ मार्च, बुधवार

फर्निचरचे कोपरे: बेचाळीस. प्रत्येकावर फोमचा तुकडा. गोंद जबरदस्त. दुकानदार म्हणाला, बाई, हा लावून पुन्हा काढायचा विचार करू नका. मला असाच हवा होता.

सायंकाळी ५. हे टेबलाच्या कोपऱ्यावर कोपर टेकवून पेपर वाचत बसले. तासाभराने उठायला गेले तर टेबलही उठलं. स्वेटरची बाही कापावी लागली. स्वेटर मुलीने दिलेला.

गोंदाच्या वासाने दोघांचीही डोकी दुखली. खिडक्या उघडल्या असत्या. पण त्या मी सकाळीच स्क्रूने बंद केल्या होत्या. मूल पडू शकतं.

१४ मार्च, शुक्रवार

इलेक्ट्रिशियन येऊन स्वयंपाकघरात स्मोक अलार्म बसवून गेला. जाताना म्हणाला, काकू, इथे गॅसच्या डोक्यावर नको, फोडणीला पण बोंबलेल. मी म्हटलं, बोंबलायलाच बसवलाय.

टोस्टलाच बोंबलला. हे तेव्हा दाढी करत होते. हनुवटीला कापलं. फार नाही. कापूस लावून बसले आणि म्हणाले, आता उद्यापासून काकडीच खाऊ आपण.

बोलण्यात टोमणा होता. पण कल्पना चांगली आहे.

१६ मार्च, रविवार

काकडीचा दुसरा दिवस. गॅस बंद, धूर नाही, चटका नाही, वाफ नाही. एका फटक्यात एकवीस धोके कमी.

ह्यांचं पोट बिघडलं. मन कमकुवत असलं की पोटावर जातं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी १०

सगळं उभ्याने तपासलं, ही त्रुटी लक्षात आली. मूल जमिनीवरून बघतं. म्हणून रंगीत तालीम. नऊ महिन्यांचं मूल: हे. निरीक्षक: मी, घड्याळ आणि वही घेऊन.

ह्यांनी घोट्याचं कारण सांगितलं. मी म्हटलं, रांगायला घोटा लागत नाही.

हॉल ते स्वयंपाकघर, चार मिनिटं. पलंगाखाली जाताना डोकं आपटलं. कपाळावर टेंगूळ. पण आपटलं ते मधल्या पट्टीला. कोपरे एकदम सुरक्षित. प्रयोग यशस्वी.

तेवढ्यात समोरच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या. हे दाराशीच ओणवे. त्यांनी विचारलं, अहो काका, काय हरवलं? हे म्हणाले, काही नाही, मी नऊ महिन्यांचा आहे. बाई साखर न घेताच गेल्या. त्यांना नंतर समजावून सांगायला हवं.

२० मार्च, गुरुवार

सर्व कपाटं, खण, फ्रीज, कमोडचं झाकण, बाहेरचं दार: चाइल्ड लॉक. एकूण तेवीस. मी तालमीने प्रत्येक नऊ सेकंदांत उघडते.

२१ मार्च, शुक्रवार

हे सकाळी चक्कर आली म्हणून खुर्चीत बसले. डॉक्टर वर आले. ब्लडप्रेशर बरंच चढलेलं. गोळी घेतली का, विचारलं. हे म्हणाले, काल सकाळपासून कपाट उघडतोय.

दोन दिवस! मला सांगायला काय झालं होतं? हे म्हणाले, सांगितलं असतं तर तू घड्याळ लावलं असतंस.

डॉक्टरांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर मागून औषधांच्या कपाटाचं लॉक काढलं. औषधं मुलाच्या हाताला लागू नयेत, पण म्हाताऱ्याच्या लागायला हवीत, मॅडम, म्हणाले. मग मुलीचा नंबर मागितला. दिला. बहुधा घराबद्दल चार शब्द बोलणार.

दुपारभर ह्यांच्या शेजारी बसून होते. हात धरायचं कारण नाडी मोजणं.

२२ मार्च, शनिवार

औषधांच्या कपाटाला वरच्या बाजूला साधी कडी लावली. बाकी सगळं तयार. धोके: शून्य.

गुंडीसाठी पलंगाजवळ गादी घातली. बदकांची चादर आणली आहे. चार वेळा घालून बघितली, बदकं सरळ रेषेत येत नाहीत. झोपली की ती एक हात डोक्यावर घेते, जणू वर्गात प्रश्नाचं उत्तर येतंय. सहा आठवडे रोज बघायला मिळेल. म्हणजे निरीक्षणाच्या दृष्टीने.

ह्यांना आज पलंगावरून उठू दिलेलं नाही. उगाच आयत्या वेळी काही नको.

२३ मार्च, रविवार. दुपारी ३

मुलगी आली. गुंडी कडेवर. मी खोली क्रमांक एकपासून दाखवायला सुरुवात केली. तिने भिंती, कोपरे, खिडक्या कशाकडेच पाहिलं नाही. ती बाबांकडे बघत होती. पायाला बँडेज, टाळूला मलम, कपाळाला टेंगूळ, हनुवटीला पट्टी, स्वेटरला एकच बाही.

तिने विचारलं, बाबा, हे काय? हे म्हणाले, काही नाही गं, आई सांगेल तसं करतोय.

मुलगी खाली बसली. तोंडावर हात धरला. हसत होती की रडत, ते मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही. मग म्हणाली, आई, घर अगदी सुरक्षित आहे गं. आता इथे कुणालाच काही होणार नाही.

मी म्हटलं, तेच तर.

मग तिने बॅग भरली. बाबांची. गुंडी सहा आठवडे विहीणबाईंकडे, बाबा तिच्याकडे. हे म्हणाले, अगं, तिचं मन मोडू नकोस, आणि म्हणता म्हणता दाराचं लॉक एका झटक्यात उघडलं. परवापर्यंत जमत नव्हतं म्हणे.

गुंडीने जाताना हात हलवला. मी बंद खिडकीच्या काचेतून बघत राहिले. डोळे चुरचुरत होते. गोंदाचा वास अजून जात नाही.

२६ मार्च, बुधवार

तीन दिवस एकही अपघात नाही. पद्धत बरोबर होती, हे सिद्ध झालं.

घर फार शांत आहे. बदकांची चादर घडी करायची राहिली आहे. सवड नाही.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ७

मुलीने भेटीची वेळ दिली. चार ते सहा, विहीणबाईंकडे. रविवार म्हणून मुलगी, जावई, हे, सगळे तिथेच. अट: यादी, टेप, स्क्रू ड्रायव्हर आणायचं नाही. दारातच माझी पर्स बघितली. पोटची मुलगी.

मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त वायरी सोडवल्या. त्यात जावयाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि दुपारभराचं काम गेलं. मग रांगायच्या वाटेत एक खुर्ची होती. मी ती हलवायला आणि विहीणबाई बसायला एकच गाठ पडली. त्या जमिनीवर बसल्या. पडल्यावरही हसत होत्या. ते मला जास्त लागलं.

मग त्यांनी आतून एक लाकडी कठडा आणला. चौकोनी, छातीइतक्या उंच उभ्या गजांचा, एका बाजूला दार, जावई लहान असताना करून घेतलेला. मनात म्हटलं, अखेर डोकं ठिकाणावर आलं, आता गुंडीला आत ठेवतील. त्यांनी तो हॉलच्या मधोमध मांडला, आत खुर्ची ठेवली, आणि म्हणाल्या, या विहीणबाई, तुम्ही आत बसा. तुम्हालाही निवांत, आम्हालाही. हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर हलत होता.

मी बसले. आपल्यावर चाचणी घेतल्याशिवाय एखाद्या वस्तूवर मत देऊ नये.

गुंडी घरभर हिंडली. टेबलाखालून, चपलांमधून, वायरींवरून. मग माझ्याकडे आली. एक गज धरला. दुसरा धरला. आणि उठून उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा. गुडघे लटपटत होते, पण सोडलं नाही. माझ्याकडे बघून दोन दातांनी हसली. अगदी समोर. वीतभर अंतरावर. सगळे ओरडत धावले, कुणी फोटो काढले. मला तिला उचलून घेता आलं नाही. दाराची कडी बाहेरून लावलेली होती.

कठडा मजबूत आहे. आतून तपासला.