मायच्या मापाचा ओटा

हैदराबाद
रविवार, २० नोव्हेंबर २००५

साधनाताई,

तुले, कपिलभाऊजीले आणि मायले धम्मरत्नचा मनापासून जय भीम.

तुझं पत्र आणि नव्या घराचा नकाशा, दोन्ही मिळाले. फोनच करणार होतो. पण बूथवर मागं लाईन लागते, अन् मागचा माणूस खाकरला का मी अर्धं बोलूनच ठेवून देतो. म्हणून लिहून राह्यलो. अक्षर सातवीतलंच आहे, सांभाळून घेजो.

मी बरा आहे. आज सुट्टी. सध्या आम्ही आठव्या मजल्यावर रायतो. ज्या घरात फरशी बसवायची तिथंच झोपायचं, काम झालं का बिऱ्हाड बाजूच्या घरात. कोणत्याच घराले अजून दार नाही, खिडक्या नाहीत. सकाळी उठलो का ढग एवढे जवळ असतात, वाटते कोणी सरकी काढलेला कापूस आभाळात सोडून दिला. दिग्रसच्या जिनिंगात राह्यलो असतो तरी हेच दिसलं असतं, फक्त नाकातोंडात गेलं असतं.

तू लिहिलं, औंदा भाव पडला म्हणून जिनिंग मधूनमधून बंदच रायते अन् मायले वेचणीले कोणी बोलावत नाही. चांगलं नाही हे, समजते मले. पण तिची पाठ थोडी सुटली, असंही वाटलं.

तुझा नकाशा मी भिंतीले चिकटवला. ओल्या भिंतीनं तो रोज थोडा फुगते. जेवण झालं का मी त्याच्याकडं पाहत पडतो अन् मंग आत जातो. दारातून हॉल, डाव्या हाताले तुमची खोली, मागं मायचं सैपाकघर, त्याची खिडकी उगवतीकडं. यवतमाळचं ते लेआउट मी पाह्यलं नाही, पण त्या घरात एवढा फिरलो का तिथला उजेड मले ओळखीचा झाला. सकाळी तो सैपाकघरात येते, ओट्यावर थांबते. दुपारी हॉलच्या फरशीवरून सरकत सरकत दाराबाहेर जाते. मी त्याच्या मागंमागं जातो. दाराबाहेर काय आहे ते मात्र नकाशात नाही, म्हणून तिथून परत येतो.

आता तुझ्या सवालाचं. बिल्डर म्हणते, वरचे पैसे द्या, साध्या फरशीच्या जागी चकचकीत टाइल, कडप्प्याच्या जागी ग्रॅनाइटचा ओटा, सगळं आम्हीच करून देतो. अन् तुझ्या मैत्रिणी म्हणतात, घर साधंच ताब्यात घे, बाहेरचा मिस्त्री लाव, मनासारखं होईन. तू मले विचारलं, काहून का मी याच धंद्यात आहे.

माझं मत विचारशील तर बिल्डरचंच घे. बाहेरच्या माणसानं भिंत फोडली अन् उद्या पाणी गळलं, तर बिल्डर हात वर करन. अन् भाऊजी म्हणाले ना, 'बाहेरचा मिस्त्री म्हणजे अर्ध्या कामातून पळणारा माणूस.' तू हे लिहिताना हसली असशील. मीही हसलो. शाळा सोडली, जिनिंग सोडलं, वणीले ट्रकवर होतो तेही सोडलं. पळणारी माणसं मले आतून माहीत आहेत. तर बिल्डरचंच बरं. किल्ली घ्यायची, आत जायचं. कोणाची वाट पाहायचं काम नाही.

आणखी एक, मायले सांगू नको. आमच्या ठेकेदाराले मस्कतचं काम मिळालं. माझा पासपोर्ट झाला. माझ्यासंगं रायते तो राळेगावचा उकंडा, तो चालला. मी अजून हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. उकंडा म्हणते, तिथं समुद्र आहे. मी समुद्र पाह्यला नाही.

बाकी सगळं ठीक.


बुधवार

ताई, पत्र पेटीत टाकलं नाही. खिशातच राह्यलं. वरचं सगळं खोडणार होतो, पण कागद चांगला आहे, म्हणून पुढं लिहितो.

सोमवारी एका फ्लॅटमधला ओटा माझ्याकडं आला. त्या बाईनं बिल्डरलेच वरचे पैसे देऊन काळा ग्रॅनाइट घेतला होता. खिडकी उगवतीकडंच होती. सकाळचा उजेड आला, मी विटा रचून राह्यलो होतो, अन् ताई, मले आठवत नाही मी टेप काहून काढला नाही. हाताले उंची माहीत असल्यासारखं काम चाललं होतं. दगड बसला, पाणी टाकून पाह्यलं, एकदम लेव्हलमध्ये. एवढा चांगला ओटा मी आजपर्यंत बसवला नव्हता.

काल ती बाई पाहायले आली. उंच आहे, माझ्याएवढी. ओट्यापाशी उभी राह्यली अन् खालीच पाहत राह्यली. मंग म्हणे, "ये किसके वास्ते बनाए? बच्ची के वास्ते?"

उकंडा वाकला, ओट्याच्या कडेले हात लावून पाह्यला, अन् म्हणे, "धम्मा, मायले हैदराबादेत फ्लॅट घेऊन दिला का बे?"

तेव्हा मले समजलं. दिग्रसच्या स्टँडवर मी येशटीत चढलो, त्याच्याआधी मायचं कपाळ माझ्या शर्टाच्या खिशाले टेकलं होतं. तेवढीच ती आहे. त्या मापानं तिच्या कोपराखाली जिथं हात येईन, तिथं मी दगड बसवला होता. उभ्यानं भाकर थापायची तर वरून जोर लागते, ओटा उंच असला का खांदे भरून येतात.

ठेकेदार शिव्या देऊन गेला. मीच फोडला तो ओटा. उकंडा म्हणे, मी फोडतो, तू बाहेर जा. मी नाही गेलो.

दिवसभर एकच विचार. त्या बाईनं बिल्डरवर सोडलं, अन् बिल्डरनं ज्याच्यावर सोडलं त्यानं तिले कधी पाह्यलंच नव्हतं. तुझ्या घरातही तसंच होईन. ओट्याची उंची कागदावर ठरलेली रायते, सगळ्या बायांसाठी एकच. अन् माय काही बोलणार नाही. पायाखाली पाट घेईन अन् त्यावर उभी राहीन. तू लिहिलं ना, ती म्हणे, "उभ्यानं सैपाक करायले मी काय हॉटेलात कामाले चालली का?" हसण्यावारी नेलं तुम्ही. मले वाटते तिले भेव आहे.

म्हणून आता नीट ऐकजो. पाण्याचे पाइप, वायरिंग, संडास-बाथरूम, जे भिंतीच्या आत जाते ते बिल्डरलेच करू दे. फरशीही त्यालेच दे, भाऊजीचं मन राहीन. पण सैपाकघराले हात लावू देऊ नको. तिथली जमीन उघडी ठेव, भिंत उघडी ठेव. लेखी घेजो त्याच्याकडून.

अन् मायले भिंतीपाशी उभी करून माप पाठवशील, तर पाठवू नको. मले माहीत आहे तुले लगेच सुचन ते. तूच लिहिलं का आता वेचणीले पऱ्हाटीच्या ओळीत नसली तरी ती वाकूनच चालते. म्हणजे खिशाएवढी राह्यली नसन. मी इथं जो ओटा फोडला, तोही तिले उंच झाला असता.

ते माप मलेच घ्यावं लागन.

ठेकेदाराले आज नाही म्हटलं. तो म्हणे, येडा आहेस. उकंडा काही म्हणाला नाही, त्यानं आपली पाणी भरून लेव्हल पाहायची नळी माझ्या थैलीत टाकली. मस्कतले त्याले दुसरी भेटन.

चालू घरातलं काम संपलं का निघतो. अर्धं सोडून नाही, पुरं करून. भाऊजीले सांगजो, मी आलो का माझी कपड्यालत्त्याची थैली त्याईनं कपाटात ठेवावी अन् किल्ली आपल्यापाशी. ओट्यावर पहिली भाकर होईपर्यंत मागितली तरी देऊ नये.

मायले एवढंच सांग, दुपारी जमलं तर थोडं सरळ उभं राहून पाह्यजो. नाही जमलं तरी चालते.

तुझा बाहेरचा मिस्त्री,
धम्मरत्न