दाब उतरेपर्यंत

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डॉक्टरांनी तुझी दारू सोडवली, आता टिकवायचं काम आपलं. या महिन्यात बॉयलरची तपासणी आहे. गेल्या वर्षी त्याच ताणात तू पिऊन कामावर गेलास. पुन्हा वास आला तर धुलाईघराचे मालक तुला बॉयलरजवळ उभं करणार नाहीत. म्हणून आमच्या संघटनेचे फलक रंगवणाऱ्या रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली आणि पाठवते आहे: 'दारूचा विचारही मनाला शिवू देणार नाही.' शेगडीसमोर लाव. माणसाला गुलाम करणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी मी व्यासपीठावरून भांडले. घरात हरायची माझी तयारी नाही. मूठ आवळ आणि लढ.

जीव तुझ्यात अडकलेली,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पाटी उतरवली. आधीच सांगतो, म्हणजे ओरडायला तुला अख्खं पत्र मिळेल. चहा ठेवला की समोर 'दारू', भाजी परतली की 'दारू'. एरवी अधूनमधून आठवायची, ती घरात मुक्कामालाच आली. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, अमुक विचार करू नको असं मनाला बजावलं की ते नेमकं तेच धरून बसतं.

त्यांचं म्हणणं, तल्लफ आली की भांडायचं नाही. अंगात कुठे जाणवते ते बघायचं, श्वास सावकाश सोडायचा. ती चढते आणि न पिताही उतरते. मला पटलं. बॉयलरच्या दाबाचा काटा चढला म्हणून मी कुठे त्याला शिव्या देतो? शिवाय भूक लागली आहे, राग आला आहे की थकलो आहे, हे स्वतःला विचारायचं. आणि आधीच ठरवून ठेवायचं: फोरमन ओरडला तर मी मागच्या पायरीवर बसणार, बायकोला फोन करणार. घरी जातानाही गुत्त्याची गल्ली टाळायची.

तपासणी मंगळवारी.

राग फार दिवस धरू नकोस, एवढंच मागणं.
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नुसतं बघत बसणं हा कसला लढा, असं दोन पानं लिहिलं आणि फाडलं. स्वातंत्र्यावर भाषणं ठोकायची आणि भावाच्या स्वयंपाकघरात फलक लावायचा, हे काही खरं नाही. तल्लफ तुझ्या अंगात येते, रीतही तूच ठरव. मंगळवारी मी फोन करणार नाही. मला किती जड जाईल हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या बाजूने, आणि या खेपेस मुकाट्याने,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तपासणी पार पडली. बॉयलर माझ्याकडेच राहिला.

निरीक्षकांनी झडप पुन्हा उघडायला लावली, तेव्हा फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला, याचे हात कशाने थरथरतात तेही तपासा. थरथरत होतेच, पण रागाने. निरीक्षक गेल्यावर पायरीवर जाऊन बसलो. बायकोचा फोन लागेना. ठरवलेलं तिथेच फसलं आणि गुत्ता डोळ्यांसमोर उभा राहिला. तरी बसून राहिलो. जबडा दुखत होता, तो सैल सोडला. सकाळपासून पोटात काही नाही, हे तेव्हा कळलं. डबा उघडला. गार जेवण चावता चावता घशातली ओढ कधी ओसरली, समजलंच नाही.

रोज दार उघडताना बायको जरा जवळ येते, वास घेते. तिला कळतं, मला कळतं, बोलत कुणीच नाही. काल मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की आज फार प्यावीशी वाटली आणि प्यालो नाही. ती जवळ आली नाही. म्हणाली, दमला असशील, चपला काढ. आणि पाठ वळवून पाणी आणायला गेली.

अशीच पाठीशी राहा,
धाकटा