महरीन पऱ्याचे पाणी प्यायल्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
पाणी गुणवत्ता देखरेख कक्ष, रत्नागिरी

विषय : मयत मुलगी नळाचे नव्हे, पऱ्याचे (ओढ्याचे) पाणी प्यायली असे लिहून देऊन टँकर मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या दालनात काल झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. अर्जदार मुसा दाऊद मुकादम, राहणार आंबेखाडी, यांची मुलगी महरीन हगवण-उलट्यांनी गेली. मुलगा रेहान यालाही आता तेच सुरू झाले आहे. डॉक्टरांनी नळाचे पाणी बंद करायला सांगितले, पण विहीर आटल्याने घरात दुसरे पाणी नाही.

२. क्लोरीन मोजणारा सेन्सर गावच्या टाकीत नाही. तो बसवला त्या दिवसापासून पाणी सोडणारे महिपत यांनी तो काढून, क्लोरीनचे औषध घातलेल्या पाण्याच्या कळशीत जपून ठेवला आहे. विचारल्यावर ते म्हणाले, "सरकारी वस्तू हाय. टाकीत घाण बसून बिगाडली तर माज्या डोस्क्यावर येल." त्यामुळे सेन्सरची तब्येत उत्तम असून आपल्या कार्यालयातल्या पडद्यावर आंबेखाडी कायम हिरवी दिसते.

३. महरीनला माती दिल्यावर अर्जदाराने सेन्सर उचलून टाकीत सोडला. पडदा लाल झाला. महरीन आजारी असताना आपल्या कक्षाच्या ज्या जीपला डिझेल नव्हते, ती जेवणाआधी गावात हजर झाली. आपल्या माणसांनी सेन्सर पुसला, पुन्हा कळशीत ठेवला आणि सरकारी यंत्राशी खेळल्याबद्दल अर्जदाराला तंबी दिली. रेहानकडे कोणी पाहिले नाही.

४. काल आपण म्हणालात, "पडदा हिरवा असताना टँकर दिला, तर सेन्सर खोटा ठरतो. मुलगी पऱ्याचं पाणी प्यायली असं लिहून द्या, मी टंचाईच्या नावाखाली टँकर सोडतो." अडला हरी, पुढची म्हण साहेबांना ठाऊक आहेच.

५. सबब अर्जदार राजीखुशीने लिहून देतो की, नळाचे पाणी निर्दोष आहे. महरीन पऱ्यावर गेली आणि तिथले पाणी प्यायली. मे महिन्यात पऱ्या कोरडा असतो, हे कृपया मनावर घेऊ नये. पत्नी शमीम हिने सही करण्यास नकार दिला असून ती अर्जदाराशी बोलत नाही.

६. महरीन अजून रांगत होती. तरी पऱ्यापर्यंत ती आपल्या पायांनी चालत गेली, असे बाप या नात्याने अर्जदार लिहून देत आहे. टँकर मात्र उद्याच यावा.

आपल्या मेहेरबानीवर विसंबून,
आपला नम्र,
मुसा दाऊद मुकादम
आंबेखाडी, ता. राजापूर
दि. १९ मे २०२५